वीज परत येताना पहिला नंबर कुणाचा?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा दरम्यानच्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल होत्या तिथेच थांबल्या. कोविडचे दिवस असल्याने रुग्णालयांची वीज जाऊ देऊ नका, अशा सूचना सरकारने दिल्या. दुपारी बारानंतर मुख्य मार्गावरच्या लोकल हलू लागल्या. वस्त्यांमध्ये मात्र वीज टप्प्याटप्प्याने येत राहिली. कळव्याला मोठं उपकेंद्र आहे आणि दिवा हे गाव तिथून दुसरंच रेल्वे स्टेशन, पण उपकेंद्र जवळ म्हणून वीज आधी येते असं होत नाही. हा क्रम अंतरावर नाही, वायरींच्या रचनेवर ठरतो.

महापारेषणच्या मोठ्या उपकेंद्रात वीज उतरते. तिथून निघालेले २२ केव्हीचे फीडर गल्लोगल्लीच्या ट्रान्स्फॉर्मरपर्यंत, म्हणजे आपल्या बोलीतल्या डीपीपर्यंत, येतात. डीपीतून फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेची पेटी, आणि पिलरमधून इमारतीची मीटररूम. दिवा, मुंब्रा, कळवा, शीळ या भागात हे वितरण मार्च २०२० पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर बघते. पलीकडे कल्याण-डोंबिवलीत महावितरण स्वतः बघते. रचना दोन्हीकडे सारखीच.

दुरुस्तीही याच वाटेने वरून खाली येते. आधी उपकेंद्र, मग फीडर, मग डीपी, मग पिलर आणि सगळ्यात शेवटी एकट्या घराचा फ्यूज कॉल. यात वशिला नसतो. फीडरच मेलेला असेल तर घरचा फ्यूज बदलून काही उपयोग नाही. शिवाय वरचा एक बिघाड काढला की हजारो घरं उजळतात, खालच्या एका बिघाडाने एकच.

फीडर ट्रिप झाला की कर्मचारी त्याचे तुकडे पाडून तपासतात. चांगला तुकडा दुसऱ्या बाजूच्या फीडरवरून चालू करतात, त्याला बॅकफीड म्हणतात. फॉल्ट असलेला तुकडा तेवढा अंधारात राहतो. म्हणून समोरच्या इमारतीत दिवे आणि आपल्याकडे काळोख, असं दिसतं. पावसाळ्यात जमिनीखालची केबल गेली तर आधी फॉल्टची जागा शोधायची, मग खणायचं, मग जॉइंट मारायचा. पिलरमध्ये पाणी शिरलं असेल तर शॉक लागू नये म्हणून पुरवठा मुद्दाम बंद ठेवतात. अशा वेळी घाई करा म्हणून ओरडणं धोक्याचं.

यात प्राधान्य कुठे येतं? मोठी रुग्णालयं आणि पाण्याचे पंप यांना शक्य तिथे स्वतंत्र एक्स्प्रेस फीडर असतो. त्यावर फाटे कमी, म्हणून बिघाडही कमी आणि तो सापडतोही लवकर. दिव्याला येणारं एमआयडीसीचं पाणी पंपांवर अवलंबून आहे. तिकडची वीज गेली की इकडे दिवे असूनही नळ कोरडे पडतात. रेल्वेचा ट्रॅक्शन पुरवठा तर वेगळाच, त्यामुळे दिव्याच्या फाटकातून उजळलेली लोकल जात असताना शेजारची चाळ अंधारात असू शकते.

थोडक्यात, प्राधान्य संस्थेला मिळतं, माणसाला नाही. दिव्याजवळच्या दातिवलीतल्या एखाद्या चाळीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या आजोबांचं घर साध्या फीडरवर असतं, आणि फीडरला ते ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये अशा ग्राहकांची प्राधान्य सेवा नोंदवही असते. तिथेही वीज आधी येण्याची हमी नसते, कारण एकाच घरापुरती लाइन चालू करता येत नाही. हमी असते ती आगाऊ कळवण्याची आणि मदतीची. ऑस्ट्रेलियात जीवरक्षक यंत्र असलेल्या घराला नियोजित शटडाउनची लेखी सूचना किमान चार कामकाजी दिवस आधी द्यावी लागते.

आपल्याकडेही धागे आहेत. वीज ग्राहक हक्क नियम, २०२० प्रमाणे ज्येष्ठांना अर्ज आणि बिलभरणा यांसारख्या सेवा घरपोच द्यायच्या आहेत, आणि ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास भरपाईची तरतूदही आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ८ सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवावं. ही नोंद गल्लीपर्यंत भरली गेली, तरच तिचा उपयोग.

तोवर हिशेब घरीच करावा लागतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १५० एएचची चांगली बॅटरी इन्व्हर्टरवर त्याला जेमतेम साडेतीन-चार तास चालवते, तेही पंखा-टीव्ही बंद ठेवून. केबल फॉल्टला तेवढा वेळ पुरत नाही. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास जातो. म्हणून इन्व्हर्टर आणि सिलिंडर दोन्ही हवेत, आणि प्रवाह किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं हवं.

वीज गेली की आधी शेजारी बघा. आपलंच घर, एकच फेज की अख्खी गल्ली? बिलावरच्या क्रमांकावर किंवा महावितरणच्या १९१२ वर ग्राहक क्रमांकासह हे सांगा, घरात यंत्रावर रुग्ण आहे हेही सांगा, आणि तक्रार क्रमांक घ्या. श्वास लागू लागला तर विजेची वाट न बघता १०८.

सोसायटीने किंवा चाळ कमिटीने मेअखेर एक कागद करावा: कोणत्या खोलीत कोण, कोणतं यंत्र, बॅकअप किती तासांचा, घर कोणत्या डीपीवर. घरच्यांना विचारूनच तो वीज कार्यालयाला आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षाला द्यावा. त्याने फीडर लवकर चालू होणार नाही. पण बॅकफीड कुठून द्यायचा हे ठरवणाऱ्या अभियंत्याला त्या तुकड्यात कोण आहे ते कळेल, आणि बॅकअप संपण्याआधी सिलिंडर घेऊन कुणाच्या दारात जायचं हे शेजाऱ्यांना.