स्वस्तात घ्या, नेटवर विका, पण हिशोब मांडून

आपल्या मंडळीत एका जोडधंद्याचं बोलणं वारंवार कानावर येतं. पौंडलँड, टीके मॅक्स किंवा एखाद्या मोठ्या दुकानाच्या सेलमधून वस्तू स्वस्तात उचलायची आणि ई-बेवर चार पैसे चढवून विकायची. लंडनमधल्या आपल्या ज्येष्ठांना फ्रीडम पासवर बस फुकट, वेळही हाताशी, आणि पेन्शनीला थोडी जोड मिळाली तर कोणाला नको? काहीजण मात्र नाक मुरडतात. म्हणतात, हे काय फेरीवाल्याचं काम!

त्यांना आम्ही सांगू इच्छितो की या देशातली दोन मोठी नावं अशीच उभी राहिली. मायकेल मार्क्स हा स्लोनिम गावाकडचा ज्यू फेरीवाला. 1884 साली त्याने लीड्सच्या कर्कगेट बाजारात ठेला मांडला. इंग्रजी बेताचंच, मग घासाघीस कशी करणार? त्याने पाटीच लावली की किंमत विचारू नका, सगळं एक पेनी. ज्या आज्यांनी इथे आल्यावर पहिले काही महिने बोटाने दाखवून सामान घेतलं, त्यांना या पाटीचं मोल वेगळं सांगायला नको. 1894 साली टॉमस स्पेन्सर भागीदार झाला आणि पुढचं सर्वांना ठाऊकच आहे.

दुसरा जॅक कोहेन, लंडनच्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धातून सुटून आला आणि 1919 साली हातातल्या पैशांतून लष्कराच्या कँटीनचा उरलेला माल स्वस्तात घेऊन हॅकनीच्या बाजारात विकू लागला. पहिल्या दिवशी विक्री 4 पौंड, नफा 1 पौंड. त्याचंच पुढे टेस्को झालं. बालमित्रांनो, सांगा बरं, शंभर पौंडांच्या विक्रीवर या हिशोबाने नफा किती?

आता नेटवरचा हिशोब बघू. समजा, सेलमध्ये 5 पौंडांना खेळणं घेतलं आणि टपालासकट 14 पौंडांना विकलं. नऊ पौंड सुटले असं वाटतं ना? पण टपालाला साडेतीन गेले, खोका-चिकटपट्टीला पन्नास पेन्स, वेबसाइटची दलाली दोन पौंड धरा. उरले तीन. त्यासाठी दुकानात जाणं, फोटो काढणं, वर्णन लिहिणं, पोस्टात रांग, असा तासभर तरी गेला. एप्रिल 2025 मध्ये या देशात मोठ्या माणसाचं किमान वेतन तासाला 12 पौंड 21 पेन्स ठरलं होतं! म्हणून आमचं मत असं की एकेका वस्तूमागे धावू नये. टपालात हलकी, न फुटणारी आणि एकाच जातीची पाच-सहा नग मिळाली तरच हात घालावा. वर्णन एकदाच लिहावं लागतं. आणि घेण्याआधी तीच वस्तू खरोखर किती किमतीला *विकली गेली* ते ई-बेवर बघावं. लोक मागतात ती किंमत बघून काही उपयोग नाही, मागायला काय जातं?

कायद्याचंही थोडं सांगितलं पाहिजे, कारण इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. ऑक्टोबर 2024 पासून ई-बेने घरगुती विक्रेत्यांची दलाली बंद केली, पण ती सवलत घरातलं जुनं सामान विकणाऱ्यांना. विकण्यासाठीच माल घेतला की तुम्ही व्यापारी, मग खातंही व्यापाऱ्याचं हवं. गिऱ्हाईकाला माल मिळाल्यापासून 14 दिवसांत मन बदलून सौदा रद्द करण्याचा हक्क असतो, हेही धरून चाला.

कराचं असं आहे की 2017 पासून वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतच्या अशा विक्रीवर सूट आहे. हा आकडा विक्रीचा, नफ्याचा नव्हे बरं का! हजारावर गेलात तर कर-खात्याला कळवायला हवं. 2024 पासून वेबसाइटवालेही, वर्षात 30 वस्तू किंवा साधारण 1,700 पौंडांवर विक्री गेली की, तुमची माहिती परस्पर कर-खात्याला देतात. तेव्हा 'नवा कर आला' अशी हाकाटी झाली होती. कर जुनाच, फक्त दिवा मोठा लागला. सरकारी पेन्शन या कमाईने कमी होत नाही. मात्र ज्यांना पेन्शन क्रेडिट मिळतं त्यांनी ही कमाई कळवलीच पाहिजे, नाहीतर घेतलेले पैसे परत मागतात. एक साधी वही घाला, तारीख, घेतलं कितीला, विकलं कितीला, पावती चिकटवलेली.

एक गोष्ट आम्हाला पटत नाही, ती म्हणजे फळीच रिकामी करणं. मार्च 2020 मध्ये कोविडच्या वेळी काहींनी हात धुण्याचं जेल आणि मास्क गोळा करून अनेकपट दराने विकले. सरकारी स्पर्धा-आयोगाला त्यासाठी खास पथक नेमावं लागलं. मुंबईत रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना या धंद्याचं खरं नाव माहीत आहे, त्याला काळा बाजार म्हणतात. सणाच्या आदल्या आठवड्यात खेळण्यांचा सगळा साठा एकट्याने उचलणं आम्हाला त्याचंच धाकटं भावंड वाटतं. उरलेला, कोणी न घेतलेला माल उचलावा, जसा कोहेनने उचलला.

आता नातवंडांचं काम. ई-बेवर खातं काढायला 18 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून खातं आजी-आजोबांच्या नावावर. फोटो नातवंडांनी काढावेत, खिडकीजवळच्या उजेडात, आणि डाग, ओरखडा असेल तर तोही जवळून. वर्णनात तो लिहावाच, परत येणारी पार्सलं त्याने कमी होतात. वाटा किती, तो आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, मागाहून रुसवे नकोत. आणि लिलाव लावताना त्याचा शेवट शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी येणार नाही ते पाहा. कोकणात आपले शनवार तेली शनिवारी घाणा बंद ठेवायचे. नेटवर घाणा आपोआप चालूच राहतो, म्हणून रविवार संध्याकाळ निवडावी.