दोन युनिटांपेक्षा लहान बॅटरी

वेगामागचं यंत्र : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण टर्बोचार्जरच्या जुन्या दुखण्यापाशी थांबलो होतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक्झॉस्टचा झोत वाढायला, त्या झोताने टर्बाइन फिरायला आणि टर्बाइनने कॉम्प्रेसरला पुरेसा वेग द्यायला थोडा वेळ जातो. रोजच्या गाडीत हा उशीर खपून जातो. स्पोर्ट्स कारमध्ये तो खपत नाही. वळणाच्या मध्यावर पाय किंचित दाबला, तर गाडीने तेवढंच आणि त्याच क्षणी पुढे सरकायला हवं. अशा गाडीला माणूस पैसे मोजतो ते यासाठी. टर्बो लहान ठेवला तर तो पटकन जागा होतो, पण वरच्या आरपीएमला त्याचा दम संपतो. मोठा बसवला तर ताकद भरपूर, पण ती येते उशिरा.

हा पेच सोडवायची जी उत्तरं सध्या पुढे आली आहेत, त्यांत मला सगळ्यात विचारपूर्वक वाटतं ते पोर्शेचं. मे २०२४ मध्ये ९११ करेरा जीटीएस ही रस्त्यावरची पहिली हायब्रिड ९११ म्हणून जाहीर झाली, तेव्हा पोर्शेच्या जुन्या चाहत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. हायब्रिड म्हटलं की जड बॅटरी, चार्जिंगची वायर आणि विजेवर गुपचूप सरकणारी गाडी डोळ्यांसमोर येते. या गाडीत यातलं काहीच नाही. बॅटरी अवघी १.९ किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत पुरती दोन युनिटंही नाहीत. वजन सुमारे २७ किलो. तिला बाहेरून चार्ज करता येत नाही आणि नुसत्या विजेवर ही गाडी चालतही नाही.

मग एवढीशी बॅटरी करते काय? तिचं खरं काम टर्बोमध्ये आहे. आधीच्या जीटीएसमध्ये दोन लहान टर्बो होते, आता एकच मोठा आहे. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर यांना जोडणाऱ्या दांड्यावर एक छोटी विजेची मोटर बसवली आहे. पाय दाबला की ती एक्झॉस्टची वाट न पाहता कॉम्प्रेसर फिरवायला लागते, त्यामुळे मोठ्या टर्बोचा उशीर जवळपास नाहीसा होतो.

याहून सुंदर गोष्ट वरच्या टोकाला घडते. इंजिन जोरात असताना एक्झॉस्टचा झोत टर्बोला लागतो त्याहून जास्त असतो. जास्तीचा झोत बाजूने सोडून देण्यासाठी वेस्टगेट नावाची झडप असते, म्हणजे तेवढी ऊर्जा सायलेन्सरमधून वाया जाते. पोर्शेने वेस्टगेटच काढून टाकलं. टर्बाइन फार वेगाने फिरू लागली की तीच मोटर जनरेटर होऊन तिला आवरते आणि ११ किलोवॅटपर्यंत वीज तयार करते. ही वीज बॅटरीत जाते किंवा थेट गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या मोटरला मिळते. ती मोटर चाकांकडे जाणाऱ्या ताकदीत ४० किलोवॅटपर्यंत भर घालते.

कल्पना शर्यतीतली आहे. २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षं ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणारी पोर्शे ९१९ हायब्रिड एक्झॉस्टच्या झोतावर वेगळी टर्बाइन फिरवून वीज बनवायची. फॉर्म्युला वनमध्येही २०१४ पासून टर्बोच्या दांड्यावर अशी मोटर होती. ती फार खर्चीक आणि गुंतागुंतीची ठरल्याने २०२६ च्या नियमांतून वगळली गेली. शर्यतीने टाकून दिलेलं हे तंत्र रस्त्यावरच्या गाडीत जपलं जातंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

इंजिनही नवं आहे. सिलिंडर सहाच, आडवे आणि समोरासमोर, पण क्षमता ३.० वरून ३.६ लिटरवर नेली आहे. याला कारण स्वच्छ धुराचं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या साधारण १४.७ पट वजनाची हवा लागते. पूर्ण जोरात असताना मात्र टर्बो इंजिनं या प्रमाणापेक्षा जास्त पेट्रोल ओततात. ते पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ होते आणि तापलेला एक्झॉस्ट थंड राहतो. उत्सर्जनाचे नियम कडक होत चालले तशी ही चैन परवडेनाशी झाली. नवं इंजिन सगळीकडे नेमक्या प्रमाणावरच चालतं आणि त्यात गेलेली ताकद वाढीव क्षमता भरून काढते. शिवाय एसीचा कॉम्प्रेसर आता विजेवर चालतो, त्यामुळे इंजिनावरचा पट्टा गेला, इंजिनाची उंची ११० मिलिमीटरने कमी झाली आणि वर मोकळ्या झालेल्या जागेत हायब्रिडची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसली.

एकूण ५४१ हॉर्सपॉवर आणि ६१० न्यूटन-मीटर टॉर्क. वजन वाढलं ते फक्त ५० किलो. न्युरबुर्गरिंगच्या लांब ट्रॅकवर ही गाडी आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी लवकर आली. मला यात ५० हा आकडा ५४१ पेक्षा मोलाचा वाटतो. हॉर्सपॉवर आज कोणीही वाढवू शकतो. किलो मात्र प्रत्येक ब्रेकिंगला, प्रत्येक वळणाला अंगावर येतात.

मर्सिडीज-एएमजीने सी ६३ मध्ये उलट वाट धरली. चार लिटरचं व्ही-८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढे आणि १५० किलोवॅटची मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर. या गाडीतही टर्बोच्या दांड्यावर मोटर आहे, एकत्रित ताकद तर ६८० हॉर्सपॉवर. तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारं काम. पण बॅटरी ६.१ किलोवॅट-तासाची, तिचं एकटीचं वजन ८९ किलो आणि गाडी २,१०० किलोंच्या पुढे. ज्यांनी व्ही-८ च्या आवाजावर जीव लावला होता ते या गाडीपासून दूर राहिले. इंजिनाचं व्यक्तिमत्त्व काढून घेतलं आणि वर वजन लादलं, तर कागदावरची ताकद कितीही असो, ग्राहक का भुलावा?

लॅम्बोर्गिनीच्या टेमेरारिओचा हिशोब वेगळा आहे. तिच्या आधीच्या हुराकानचं ५.२ लिटरचं व्ही-१० गेलं, त्याजागी दोन टर्बोंचं चार लिटरचं व्ही-८ आलं, जे १०,००० आरपीएमपर्यंत जातं. एवढ्या वर श्वास घेणाऱ्या टर्बो इंजिनाची ओढ खाली कमी पडणार. ती उणीव तीन मोटर भरून काढतात : दोन पुढच्या चाकांसाठी, एक इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. म्हणजे विजेने इंजिनाला खालची जबाबदारी माफ केली, आणि ते वर मनसोक्त ओरडू शकलं. हे मला फार आवडतं. वजनाची किंमत मात्र द्यावी लागलीच, हुराकानच्या तुलनेत अडीचशे किलोंहून जास्त.

मग पूर्ण इलेक्ट्रिकच का नको? आपल्या मुंबईच्या महिंद्र समूहाच्या मालकीची ऑटोमोबिली पिनिनफारिना ही कंपनी इटलीत बातिस्ता नावाची गाडी बनवते. चार मोटर, १,९०० हॉर्सपॉवर, १२० किलोवॅट-तासांची बॅटरी. सरळ रेषेत तिच्यासमोर वर सांगितलेली एकही गाडी टिकणार नाही. पण वजन दोन टनांच्या वर. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली दोन तृतीयांश उष्णतेत घालवतं असं धरलं, तरी उरलेल्या चार किलोवॅट-तासांसाठी आजच्या बॅटरीचं वजन वीस किलोंच्या आसपास जातं. बॅटरीचा सेल आणखी बराच हलका होईपर्यंत हलकी, चपळ, दिवसभर ट्रॅकवर पळवता येईल अशी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बांधणं कठीणच राहणार.

पोर्शेच्या या ९११ मध्येही एक गोष्ट मला खटकते. गिअरबॉक्समधल्या मोटरमुळे जीटीएसला मॅन्युअल गिअर मिळत नाही, आठ गिअरचा ड्युअल-क्लच पीडीकेच घ्यावा लागतो. हाताने गिअर टाकायची सोय अशा हायब्रिडमध्ये बसवणं अवघड का आहे, ते पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स उघडून पाहू.