आधी बघा, मग धुवा : बॉनेटखालच्या सफाईबद्दल



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, इंजिन धुण्यावर खरंच बोलणार, की ते रूपक आहे?" रूपक नाही हो. चारचाकीचं बॉनेट उघडल्यावर जे दिसतं ते साफ कसं करायचं, आणि काय केलं तर हात भाजतो, गाडी बंद पडते किंवा क्वचित पेट घेते, एवढ्यावरच बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे मधूनमधून न्यायशास्त्र डोकावेल. तेवढं चालवून घ्या.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. इंजिन साफ करायचंच कशाला? गाडी बाहेरून धुतो, कारण ती चारचौघांना दिसते. बॉनेटखाली कोण बघतंय? आणि थोड्याफार धुळीनं इंजिनाचं काही बिघडत नाही. ते रस्त्यावरची धूळ खाऊनच चालायला बनवलेलं असतं. आत जाणारी हवा एअर फिल्टरमधून गाळून जाते, बाहेरच्या अंगावर माती बसली तरी आतल्या पिस्टनला त्याची खबर नसते. म्हणजे निव्वळ धुळीसाठी बादल्या ओतायचं कारण नाही.

खरी कारणं वेगळी आहेत. वाळलेली पानं आणि उंदरांनी आणून ठेवलेल्या चिंध्या गरम भागाला लागून पेटू शकतात. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसले की उष्णता बाहेर पडत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरा साठला की सकाळी गाडी चालू होत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तेल आणि धूळ मिळून जो चिकट काळा थर होतो, त्याच्याखाली कुठून काय गळतंय ते दिसेनासं होतं. सफाई करायची ती दिसावं म्हणून. चमकावं म्हणून नव्हे.

आता न्यायशास्त्र. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य. अनुमानाचं हे उदाहरण दोन हजार वर्षं विद्यार्थी घोकत आलेत. बॉनेटखाली तेलाचा ओला डाग म्हणजे तुमचा धूर. आणि आपण करतो काय? बॉनेट उघडतो, 'शी, किती घाण' म्हणतो आणि पहिल्या फवाऱ्यात तो धूरच पुसून टाकतो. अग्नी तिथेच असतो बरं का, फक्त तो आहे हे कळायचा मार्ग आपण बंद करून टाकलेला असतो.

म्हणून पाण्याला हात लावायच्या आधी दहा मिनिटं नुसतं बघा. चांगली टॉर्च घ्या, मोबाइलवर आठ-दहा फोटो काढा. कोरडी धूळ सोडून द्या, ओलं कुठे आहे ते शोधा. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना येणारी हवा त्याला मागे ढकलते. म्हणजे सगळ्यांत मोठा डाग दिसतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. गळती बहुधा त्याच्या वर किंवा पुढे असते. ओल्या भागाचं सगळ्यांत वरचं टोक गाठा. रंगही बघा. काळपट-तपकिरी आणि बोटाला गुळगुळीत लागतं ते इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी पाणचट दिसतं ते कूलंट; ते वाळलं की रबरी पाइपच्या जोडाभोवती पापुद्रा धरतं. ब्रेक ऑइलच्या डबीभोवती ओल दिसली तर सफाई राहू द्या, आधी गॅरेजला फोन करा. ते द्रव्य रंगही खातं, आणि ते गळतंय म्हणजे ब्रेकचा प्रश्न आहे.

हेत्वाभासही असतो. एसी लावून आलात, गाडी उभी केली आणि खाली स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं, तर घाबरू नका. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी आहे, ते पडलंच पाहिजे. उलट दमट हवेत एसी चालवूनही ते पडत नसेल, तर नळी तुंबली असेल आणि पाणी गाडीत पायाशी येत असेल.

याच धाग्यावर आणखी एक. जुनी गाडी घ्यायला जाता, विकणारा बॉनेट उघडून दाखवतो, आत सगळं आरशासारखं. 'बघा, एक थेंब गळत नाही.' कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळतं. पण त्याला अट आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत मांजर दिसलं नाही, म्हणून मांजर नाही असं म्हणता येत नाही. काल संध्याकाळी धुऊन, वर सिलिकॉनचा फवारा मारलेल्या इंजिनावर आज सकाळी डाग नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. ती गाडी आठवडाभर चालू द्या, मग बघू. मला तर विकाऊ गाडीत धुळकट पण कोरडं इंजिन दिसलं की जास्त बरं वाटतं.

असो, आता हाताने काम करू.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन गार हवं. नुसतं बंद केलेलं पुरत नाही. चालत्या इंजिनातलं कूलंट साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग, ज्याला एग्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात, तो काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि उसळणारी वाफ तुमच्या तोंडावर येते. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आत दाब असतो. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, आणि झाकण सैल होताक्षणी दाब पडतो, सगळं एकदम उकळून अंगावर येतं. चेहरा आणि छाती भाजते ती अशी. तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी, उन्हं चढायच्या आत, सावलीत. किल्ली काढलेली. बटणाने चालू होणारी गाडी असेल तर किल्ली घरात नेऊन ठेवा. रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. बोटं, शर्टाची बाही, ओढणी त्यापासून लांब.

बॅटरीच्या टर्मिनलवरचा बुरा काढायचा असेल तर आधी वजा टोक सोडवायचं, मग अधिक. जोडताना उलट, वजा सगळ्यांत शेवटी. हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट सर्किट, ठिणगी आणि तापून लाल झालेला पाना. वजा टोक आधीच निघालेलं असेल तर पाना कुठेही लागो, मंडल पूर्णच होत नाही. बुऱ्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचा, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. हातमोजे आणि चष्मा हवा, कारण तो बुरा आम्लाचा आहे. बॅटरी सोडवली की काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ, खिडक्यांच्या काचा नव्याने बसवाव्या लागतात. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आधी उघडा. ते पुस्तक कप्प्यात पडून असतं आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता पाणी. इथे एक तर्कदोष फार फिरतो. लोक म्हणतात, 'इंजिन पावसात चालतं, मग प्रेशरच्या पाइपने धुतलं तर काय होतं?' पावसाचं पाणी वरून, सावकाश पडतं आणि बॉनेट त्याला अडवतं. प्रेशरचं पाणी वाट शोधत घुसतं. यावर दुसरा युक्तिवाद येतो की आजकालचे कनेक्टर वॉटरप्रूफ असतात. बरं. अशा वस्तूंना आयपी ६७ असा शिक्का असतो. त्यातल्या सातचा अर्थ, एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी चालेल. मग एवढं सोसणारी वस्तू फवाराही सोसेलच, नाही का? नाही! बुडवणं आणि फवारा या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सातची परीक्षा पास झाली म्हणजे पाच-सहाची झालीच, असं ते मानकच म्हणत नाही. जवळून मारलेल्या जोराच्या गरम फवाऱ्यासाठी तर आयपी ६९ के ही आणखी वेगळी परीक्षा आहे. मोठं सोसलं म्हणजे लहान सोसेल, हा आपला समज आहे. रबराच्या बारीकशा सीलला तो माहीत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्या गाडीला प्रेशर नको, बादली नको. फवाऱ्याची बाटली, रंगाचा जुना ब्रश आणि चार फडकी पुरतात. आधी कोरडी पानं, माती हाताने आणि ब्रशने काढा. मग चिकट जागी डिग्रीसर मारून पाच मिनिटं थांबा, ब्रशने सुटं करा, ओल्या फडक्याने टिपून घ्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरकडे हवा जाते ते तोंड आणि स्पार्क प्लगच्या वरचे कॉइल, यांच्या जवळ फवारासुद्धा नको. अल्टरनेटरला तर हवा खेळावी म्हणून मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. प्लास्टिकच्या पिशव्या बांधून झाकलंत तर किती बांधल्या ते मोजा आणि तितक्याच काढा. फिल्टरच्या तोंडावर राहिलेली पिशवी इंजिन आत ओढतं. रेडिएटरच्या जाळीला मऊ ब्रश, वरून खाली; तिच्या पात्या हाताच्या दाबाने वाकतात.

रॉकेल आणि पेट्रोल. रस्त्याकडेच्या धुलाईत आजही रॉकेल किंवा डिझेल मारलं जातं, चमक छान येते म्हणून. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते, त्यामुळे पेट्रोलने पुसणं हा विषय इथेच संपला. रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते. आता विदर्भातल्या मे महिन्याची दुपार डोळ्यांपुढे आणा, आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन. शिवाय कूलंटचे रबरी पाइप तेलाने फुगून मऊ पडतात, आणि पट्ट्यावर तेल गेलं की तो घसरतो. चमक दोन दिवसांची, त्यावर धूळ मात्र दुप्पट बसते.

उंदरांचं थोडं सांगतो, कारण पावसाळ्यात प्रत्येक सोसायटीत हे आहे. ऊब आणि आडोसा म्हणून ते येतात, वायरी कुरतडतात. त्यांच्या लेंड्या आणि घरटं कोरडं झाडू नका, हवा मारून उडवू तर अजिबात नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. मुंबई-कोकणाला पावसानंतर तो चांगला माहीत आहे. मास्क, रबरी हातमोजे, घरातलं जंतुनाशक फवारून ओलं करायचं, थोडं थांबून कागदाने उचलून पिशवीत बांधायचं. कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळून पुढे जाऊ नका. दाखवून घ्या.

नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या, म्हणजे हायब्रिड किंवा विजेवरची गाडी, तर वरवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि थांबा. त्या केबलमधली वीज जीव घेण्याइतकी असते. ते काम शिकलेल्या माणसाचं.

शेवटी सगळं पुसून, बॉनेट तासभर उघडं ठेवून वाळू द्या, मग इंजिन चालू करा. दिवे, आवाज, वास बघा. आणि आठवड्याने परत टॉर्च घेऊन त्याच जागांचे फोटो काढा. आता स्वच्छ पाटीवर नवा डाग उमटला असेल तर तो कुठून सुरू होतो ते पहिल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसेल.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आमच्याकडे रोज गाडी पुसायला येणारा मुलगा महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाणी मारतो. त्याला थांबवू का?)

थांबवा, पण रागावून नको. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि एक लक्षात घ्या, आजच्या बोलण्यात भाजण्याचे, पंख्यात बोट जाण्याचे, उंदरांच्या रोगाचे जेवढे धोके आले, ते मालकापेक्षा त्याच्या वाट्याला जास्त आहेत. मालक ऑफिसातून येतो, गाडी लावतो, 'जरा आत पण धू रे' म्हणून वर निघून जातो. गरम इंजिनावर वाकतो तो मुलगा. तेव्हा गाडी गार असतानाच बॉनेट उघडायचं, एवढं त्याला सांगा, आणि किल्ली त्याच्या हातात देऊ नका. मोजे तुम्ही आणून द्या, आणि वापरतो की नाही तेही बघा. पाण्याऐवजी त्याला काचेखालच्या, वायपरजवळच्या खाचेतली पानं रोज काढायला सांगा. तिथली भोकं तुंबली की पहिल्या पावसात पाणी गाडीत उतरतं. त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

(दुसरा प्रश्न : धुतलेलं पाणी गटारात सोडलं तर चालेल?)

तेलकट फडकी आणि डिग्रीसरचं पाणी गटारात नको, ते पुढे नदीतच जातं. फडक्याने टिपण्याच्या पद्धतीत पाणी मुळात वाटीभरच निघतं. तेलकट फडकी वेगळ्या पिशवीत बांधा आणि गॅरेजमध्ये जिथे जुनं ऑइल जमा करतात तिथे द्या. कूलंट सांडलं असेल तर ते आधी पुसून घ्या, तसंच ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात.