गर्भातील संसर्ग : सोनोग्राफीला काय दिसते, काय दिसत नाही

पुणे परिसरात झिका विषाणूचे रुग्ण आढळल्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३ जुलै २०२४ रोजी राज्यांना सूचनापत्र पाठवले. गर्भवतींची झिकासाठी तपासणी करावी आणि बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवावे, असे त्यात नमूद होते. हे लक्ष ठेवण्याचे प्रमुख साधन म्हणजे सोनोग्राफी.

ब्राझीलमध्ये २०१५ साली झिकाची साथ पसरली, तेव्हा अनेक नवजात बालकांची डोकी अपेक्षेपेक्षा लहान असल्याचे आढळले. त्यामुळे अशा मातांच्या तपासणीत गर्भाच्या डोक्याचा घेर काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मोजला जातो. एकाच मोजमापावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. वाढीचा वेग मंदावला आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

विषाणू वारेतून गर्भात शिरतो. मेंदूतील पेशी नष्ट झालेल्या जागी कॅल्शियम साचते आणि ते पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. या ठिपक्यांचे स्थानही बोलके असते. सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गात ते बहुधा मेंदूतील द्रवपोकळ्यांच्या कडेने, टॉक्सोप्लाझ्मात विखुरलेले, तर झिकात मेंदूचे बाह्यावरण व आतील भाग यांच्या सीमेवर आढळतात. मेंदूच्या घड्यांतील दोष एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसतात. कॅल्शियम टिपण्यात मात्र साधी सोनोग्राफी सरस ठरते. असे असले तरी प्रतिमा हा केवळ संकेत होय. नेमका जंतू ओळखण्यासाठी गर्भजलाची पीसीआर चाचणी करावी लागते.

प्रतिमेमुळे थेट उपचारापर्यंत पोहोचता येते, याचे उत्तम उदाहरण पार्व्हो विषाणू बी-१९ चे आहे. मोठ्या माणसांत किरकोळ पुरळ आणणारा हा विषाणू गर्भातील लाल रक्तपेशींची निर्मिती रोखतो व गर्भाला तीव्र रक्तक्षय होतो. पातळ झालेले रक्त अधिक वेगाने वाहते. डॉप्लर तंत्राने मेंदूच्या मधल्या धमनीतील हा वेग मोजला की, सुई न टोचता रक्तक्षयाचा अंदाज येतो. तो तीव्र असल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने नाळेतील शिरेतून गर्भाला रक्त दिले जाते आणि वेळीच दिलेल्या रक्ताने अनेक गर्भ वाचतात.

गर्भाचे लिंग जाणून घेण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी असली, तरी नोंदणीकृत केंद्रात अशा वैद्यकीय कारणासाठी तपासणी करण्यास कोणतीही आडकाठी नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे.

सोनोग्राफीचा अहवाल निर्दोष आला म्हणून चिंता संपली, असेही नव्हे. सायटोमेगॅलो विषाणूमुळे येणारा बहिरेपणा कोणत्याही प्रतिमेत दिसत नाही; काही बालकांत तो जन्मानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकट होतो. म्हणूनच शंका असल्यास बालकाच्या लघवीची वा लाळेची तपासणी पहिल्या तीन आठवड्यांतच करावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला, तरी तो जन्मापूर्वीचा की नंतरचा, हे त्या तपासणीवरून सांगता येत नाही.