'बॉयकॉट' : एक शब्द, दोन हत्यारे

'बॉयकॉट' हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. मोर्चाच्या फलकावर तो असतो, कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी असतो. त्याचा अर्थ बहिष्कार, हे आपण सारे जाणतो. पण मुळात हे एका माणसाचे आडनाव आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. मालक १० वर अडून बसला. कारभाऱ्याने कुळांना जमिनीवरून हुसकण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा मजुरांनी त्याचे काम सोडले, दुकानदारांनी माल नाकारला. शेवटी पीक काढायला बाहेरून ५० माणसे आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक आणावे लागले. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला! नोव्हेंबरअखेर बॉयकॉट गाव सोडून गेला. नाव मात्र मागे राहिले.

पुढे १९५५ साली अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरातील काळ्या कष्टकऱ्यांनी भेदभाव करणाऱ्या बसगाड्यांवर असाच बहिष्कार टाकला. ३८१ दिवस ते पायी चालले, आणि जिंकले.

हा झाला दुबळ्यांचा बहिष्कार. आपल्या वाट्याला मात्र उलटाच आला. गावकीची कामे नाकारली, सार्वजनिक पाण्याला हात लावला, की गावाने दुकान, दळण, मजुरी आणि वाट बंद करायची. गरीब बहिष्कार टाकतो तेव्हा स्वतःचे श्रम आणि पैसा रोखतो. बलवान टाकतो तेव्हा दुसऱ्याची भाकर रोखतो. शब्द एकच, न्याय मात्र एक नाही.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९२७ साली त्यांनी आपल्या पत्राचे नावच 'बहिष्कृत भारत' ठेवले. गोलमेज परिषदेत त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली, आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या कायद्याचा आधार घेतला. आज अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे, एवढेच नव्हे तर तशी धमकी देणेही गुन्हा आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, गावाकडे आपल्या कुणाचे दुकान-पाणी तोडले, तर 'गावाचा निर्णय' म्हणून गप्प बसू नका. कोणी, कधी, काय नाकारले ते लिहून ठेवा आणि तक्रार नोंदवा.