पीएच.डी. झाली, आता पुढे? जेद्दाजवळची एक वाट

“मुलगा पीएच.डी. झाला, तरी अजून शिकतोच आहे. गल्ल्यावर बसायचा कधी?” ही तक्रार आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांकडून आम्ही वरचेवर ऐकतो. ज्याला ते शिक्षण समजतात, ती बहुधा पगाराची नोकरी असते. ‘पोस्ट-डॉक्टरल’ काम म्हणजे शागिर्दी संपलेल्या कारागिराने स्वतःचा कारखाना थाटण्याआधी एखाद्या नामवंत उस्तादाकडे मजुरी घेऊन दोन-तीन वर्षे केलेले काम. फी नाही, परीक्षा नाही, नवी पदवीही नाही. हात मात्र तयार होतो.

येथे एकाच विद्यापीठाची माहिती देतो. जेद्दाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, तांबड्या समुद्राकाठी थुवल येथे किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाले. एम.एस., पीएच.डी. आणि संशोधन हाच त्याचा मुख्य व्यवहार. कामकाज इंग्रजीत, म्हणून अरबीवाचून अडत नाही. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणे, सौरऊर्जा, रसायन, संगणक, समुद्रातील प्रवाळ अशा विषयांवर तेथे काम चालते. ज्या देशात बायकांना मोटार चालवण्याची परवानगी २०१८ मध्ये मिळाली, तेथे या विद्यापीठात मुली सुरुवातीपासून मुलांबरोबर प्रयोगशाळेत आहेत. लेकी शिकवणाऱ्या बापांनी हे ध्यानात घ्यावे. आवारातच घरे व शाळा आहेत. सौदीत पगारावर प्राप्तिकर नाही. उमऱ्याची सोय जवळ, हे खरे. पण तेवढ्यावरून कोणी प्रयोगशाळा निवडू नये.

जागा मिळते कशी? संशोधनाचा पैसा प्राध्यापकाच्या हाती असतो, म्हणून अर्ज थेट त्यालाच लिहायचा. त्याचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाचावेत आणि आपण त्याच्या कामात काय भर घालू, हे एका पानात सांगावे. सोबत आपल्या गाइडची शिफारस हवी. एकच मजकूर पन्नास जणांना धाडला तर तो केराच्या टोपलीत जातो. गिऱ्हाईक पाहून माल दाखवावा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! आणि एजंटाला एक पैसाही देऊ नये. गल्फच्या व्हिसासाठी पैसे मोजायची आपल्याकडे जुनी सवय आहे; येथे तिचे काम नाही.

नेमणूक मुदतीची असते, हे मात्र विसरू नये. घरी वडील थकले असतील किंवा दुकान सांभाळणारे दुसरे कोणी नसेल, तर मुंबईतच आयआयटी किंवा माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतील प्राध्यापकांकडे चौकशी करावी. केंद्राची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तिला वयाची अट ३५ वर्षांची आहे. सौदीला जाऊन आल्यावर ती मिळेल की नाही, याचा हिशेब आधीच करावा. महिलांना आणि इतर मागासवर्गीयांना वयात ५ वर्षांची सूट आहे, आणि आपल्या कितीतरी कारागीर बिरादऱ्या मागासवर्गात मोडतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो; राज्याचा चालत नाही. तहसील कचेरीतून तो आताच काढून ठेवावा.