सोळाशे मीटर धावताना शरीरात काय घडतं?

पहाटेचे साडेपाच. पालघर-बोईसर रस्त्याच्या कडेने आणि केळवे, शिरगाव, चिंचणीच्या किनाऱ्यांवर मुलं-मुली धावताना दिसली, की पोलीस भरती जवळ आली असं समजावं. कुणी जव्हार-विक्रमगडकडून येऊन खोली घेऊन राहिलेलं असतं, तर कुणी तारापूर एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आलेलं असतं. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी मिळतात. पूर्ण गुण हवे असतील, तर मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पार करायला हवं. या काही मिनिटांत शरीरावर काय ताण येतो, हे समजलं तर तयारीही नीट होते आणि धोकाही टळतो.

शिट्टी वाजल्यावर पहिले आठ-दहा सेकंद स्नायू स्वतःकडच्या तयार ऊर्जेवर चालतात. ती संपली, की साखर ऑक्सिजनशिवाय मोडून ऊर्जा मिळवली जाते. तोवर हृदय आणि फुप्फुसं वेग घेतात. पाच-सहा मिनिटांच्या शर्यतीत बहुतेक ऊर्जा शेवटी ऑक्सिजनच्याच मदतीने मिळते. म्हणून १६०० मीटर हा दमाचा खेळ आहे. पहिली फेरी जीव तोडून धावणारा तिसऱ्या फेरीत मागे पडतो, त्याचं कारण हेच.

विशीतल्या तरुणाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सत्तरवरून दोनशेच्या आसपास जातात. एरवी मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलणारं हृदय २० लिटर किंवा त्याहून जास्त रक्त ढकलू लागतं. श्वासातली हवा ६ ते ८ लिटरवरून शंभर लिटरच्या पुढे जाते. साहजिकच हवेत जे काही असेल, तेही तितक्याच पटीने आत जातं. ज्या दिवशी कारखान्यांचा उग्र वास येतो किंवा धुकं-धूर खाली बसलेला असतो, त्या दिवशी वसाहतीला लागून जोरात धावू नये. किनाऱ्याकडे जावं किंवा हलका व्यायाम करावा.

पाय भरून येतात ते 'लॅक्टिक ॲसिड'मुळे, असं मैदानावर सर्रास ऐकू येतं. खरं तर लॅक्टेट हा कचरा नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि धावणं थांबल्यावर तास-दोन तासांत ते रक्तातून कमी होतं. दुसऱ्या दिवशीची अंगदुखी स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे असते. ती भरून येताना स्नायू बळकट होतो, पण त्यासाठी झोप आणि विश्रांती लागते. रात्रपाळी करून न झोपता रोज पूर्ण जोर लावणारा मुलगा म्हणूनच सुधारण्याऐवजी खालावत जातो.

आठवड्यातून दोन दिवस तीव्र सराव पुरेसा असतो. ४०० मीटर वेगात, मग दोन-तीन मिनिटं चालणं, असे चार-पाच वेळा. बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या वेगाने धावावं. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो. पुढच्या काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात. महिनाभर आधी जागं होऊन हे सगळं साधत नाही. उत्तेजक इंजेक्शनांनी तर मुळीच नाही, ती फक्त धोक्याची सूचना दाबून टाकतात.

आणि धोका खरा आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून काही उमेदवारांचा मृत्यू झाला. पुढे हे अंतर कमी करण्यात आलं. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. घाम वाळला तरच ती बाहेर पडते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. धावणारा असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, तर वाहनाची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत नेऊन अंगभर गार पाणी ओतत राहावं आणि मग रुग्णालयात न्यावं.

आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, सिकलसेल. आदिवासी पट्ट्यात या आजाराचे वाहक अनेक आहेत. वाहकाला एरवी कसलाही त्रास नसतो, त्यामुळे बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. मात्र अतितीव्र व्यायाम, उष्णता आणि शरीरातलं कमी पाणी एकत्र आलं, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. मग स्नायू विरघळू लागतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. पेटका आला तर स्नायू दगडासारखा होतो. इथे स्नायू मऊच राहतात, पण पायांतली ताकद जाते. अशा वेळी 'अजून एक फेरी' म्हणणारा प्रशिक्षक जिवावर उठू शकतो.

म्हणून वाहकांनी धावायचंच नाही का? तसं नाही. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये स्नायू विरघळण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी जास्त आढळलं, पण मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढणारा सराव हे नियम सगळ्यांनाच लागू होते. म्हणजे सराव नियमाने झाला, तर वाहकही सैनिक किंवा पोलीस होऊ शकतो.

सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. सरावाला लागण्यापूर्वी ती करून घ्यावी. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, धावताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर हृदयाचीही तपासणी करावी. भरती पुन्हा निघते. तेव्हा त्रास जाणवला तर थांबावं. थांबणं म्हणजे हार नव्हे, हे मुलांना घरातल्यांनीही सांगायला हवं.